करकर

गिऱ्हाईक चप्पल कानाशी नेतं,
वाकवतं, ऐकतं.
"वाजती न्हवं?"
"वाजती की," म्हणत आण्णा उठतात,
आणि उठताना त्यांचा उजवा गुडघाही वाजतो.
पहिली करकर बाराशेला.
दुसरी कुणी मागत नाही.

सुभाषनगरात आमच्या गल्लीला
बाभळीच्या सालीचा वास असायचा, हिरड्याचा.
आज्जा कातड्याचीच पिशवी शिवायचा,
आत साल भरून टांगायचा,
पाणी झिरपत राहायचं.
आण्णा आता तयार कातडं आणतात,
पण मुरलंय का ते अंगठ्यानंच बघतात.

मी सागरमाळावर, विद्यापीठात.
सकाळी सहाला खाटकाकडून बकऱ्याचे गुडघे घेते.
"सूप का, ताई?"
मी मान डोलावते.
कूर्चा सोलते, निळसर पांढरी, कोवळ्या खोबऱ्यासारखी,
पेशी सुट्या करून डिशमध्ये पेरते.

कूर्चेतली पेशी एकटी राहते.
तिच्या खोलीला रक्ताची वाट नाही, मज्जातंतूची तार नाही.
माणूस चालला की ओलं फडकं पिळावं
तसा रस आत-बाहेर होतो, तेवढंच तिचं जेवण.
त्यावर ती जन्मभर भिंती लिंपते:
कोलॅजेनचे दोर, आणि त्यांत पाणी धरून ठेवणारा गिलावा.
कोलॅजेन म्हणजे तेच, आण्णा,
जे तुम्ही ऐरणीवर ठोकता.

मग सांगावा येतो. प्रोस्टाग्लँडिन.
नावच चुकीचं. भलत्याच ग्रंथीवरून पडलं
आणि निघालं नाही, गल्लीतल्या टोपणनावासारखं.
थोडं असलं तर पेशी ऐकते, कामाला लागते.
फार झालं, सुजेची बाकी मंडळी सोबत आली,
की तीच पेशी रापी काढते
आणि स्वतः लिंपलेली भिंत आतून तासते.
कूर्चा ओरडत नाही, तिला तोंडच नाही.
ओरडतात शेजारी,
हाडातल्या, अस्तरातल्या तारा,
नुसत्या हात लावण्यानं झणझणलेल्या.

गेल्या एप्रिलात, टुरिस्टांच्या दिवसांत,
आण्णांनी मेडिकलमधून गोळ्या आणल्या. स्ट्रिपवर स्ट्रिप.
गुडघा गप्प. रात्री एकपर्यंत वेण्या.
"बघ, तुझा सांगावा बंद केला."
चौथ्या आठवड्यात परसाकडं काळं पडलं.
सीपीआरच्या बाकावर मी बसून होते:
वर्षभर डिशमध्ये ज्याला चोर म्हणून धरते,
तो पोटात रात्रीचा वॉचमन आहे,
आणि गोळीला माणसं ओळखता येत नाहीत.

सलाईन लावलेला हात जरा उचलून आण्णांनी विचारलं,
"मग ते चांगलं का वाईट?"
"किती, कुठं, कुणाबरोबर. त्यावर हाय."
"म्हंजे हिरडाच की,"
म्हणाले, आणि झोपले.

आज डिश रंगवल्या.
सॅफ्रॅनिन घातलं की भिंत जिथं शाबूत तिथं लाल चढतो.
सहा नंबर फिकट. पाच फिकट. चारमध्ये डाग.
तीनमध्ये, जिथं सगळ्यात थोडा थेंब होता,
लाल टिकलाय. काहीच न घातलेल्यापेक्षा
जरा गडदच, की मला तसं दिसतंय?
एकदाच आलंय. पुन्हा करायला लागेल.
सरांना दाखवलं नाही अजून.

घरी आण्णा फरशीवरच.
बिंदू चौकातून आणलेल्या स्टुलावर
तळांची चळत.
"आण्णा, ते बसायला आणलंय."
"बसतो की. हे तेवढं वाळू दे."
तासातासाला मात्र उठतात,
गल्लीच्या टोकापर्यंत जातात, परत येतात.
चालल्याशिवाय त्या खोलीत जेवण पोचत नाही,
माझ्या सगळ्या शिक्षणातलं एवढंच त्यांना पटलंय.

अंधारात येताना आधी कळत नाही
चप्पल वाजती का माणूस.
आईला कळतं.
ती चहाचं आधण ठेवते.